ऑनलाइन कुत्र्याचं पिल्लू घेताय? आधी आई बघा, मग तारखा जुळवा

जाहिरातीतलं पिल्लू गोंडस असतंच, त्यावरून काही ठरत नाही. फोटो उसना मिळतो, लसीचं कार्ड छापून घेता येतं, पेडिग्रीचा (वंशावळीचा) कागदही बनवता येतो. उसनं आणायला सगळ्यात अवघड काय, तर पिल्लांना पाजणारी आई आणि एकमेकींशी जुळणाऱ्या तारखा. म्हणून खालच्या पायऱ्या याच क्रमाने करा. पैशांची पायरी तर अजिबात वर सरकवू नका.

पायरी १: जाहिरात खरी आहे का?

जाहिरातीतला प्रत्येक फोटो इमेज सर्चमध्ये टाका. तोच फोटो दुसऱ्या शहरात, दुसऱ्या नावाने दिसला की विषय संपला. फसवणारे बऱ्याचदा फोटो आरशासारखा उलटा करून टाकतात, त्यामुळे तो उलटवून पुन्हा एकदा शोधा. मजकुरातलं एखादं लांब वाक्य आणि फोन नंबरही शोधून बघा. अर्थात काही सापडलं नाही म्हणजे विक्रेता खरा ठरत नाही, फक्त पुढच्या पायरीवर जाता येतं.

त्या जातीच्या नेहमीच्या किमतीपेक्षा फारच स्वस्त, किंवा 'पिल्लू फुकट, फक्त वाहतुकीचा खर्च द्या' असं असेल तर तिथेच थांबा. सोबत भावनिक गोष्ट असेल, परदेशी बदली किंवा घरात कुणी गेल्याची, तर जास्तच सावध व्हा.

एकाच नंबरवर बारा महिने पाच-सहा जातींची पिल्लं दिसतात का, हेही पाहा. कुत्री साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते आणि गाभण राहिल्यावर सुमारे ६३ दिवसांनी विते. घरी एक-दोन माद्या असलेल्या ब्रीडरकडे (पिल्लांची पैदास करणाऱ्याकडे) कायम पिल्लं असूच शकत नाहीत, उलट बऱ्याचदा तिथे थांबावं लागतं. ज्याच्याकडे कायम असतात तो बहुधा व्यापारी. वेगवेगळ्या वेतांची पिल्लं एकत्र कोंबली की पार्व्हो, डिस्टेंपर हे जीवघेणे विषाणूजन्य आजार आणि खोकला एकाकडून दुसऱ्याला लागतात.

पायरी २: काय विचारायचं?

फोनवर बोला, पण उत्तरं लेखी घ्या. नंतर तारखा जुळवायला तीच लागतात.

- पिल्लांची जन्मतारीख काय? वेतात किती पिल्लं, नर किती, माद्या किती?
- आईचं वय काय? हे तिचं कितवं वेत, आणि आधीचं कधी झालं?
- आई-बापाच्या कोणत्या आरोग्य तपासण्या झाल्या? रिपोर्ट दाखवाल का?
- कोणती लस, कोणत्या तारखेला, कोणत्या डॉक्टरांनी दिली? जंताचं औषध किती वेळा झालं?
- सध्या पिल्लू काय खातं, दिवसातून किती वेळा?
- आम्हाला सांभाळणं जमलं नाही तर पिल्लू परत घ्याल का?

शेवटच्या प्रश्नावर लक्ष ठेवा. चांगला ब्रीडर स्वतःहून म्हणतो की कधीही अडचण आली तर आधी मला सांगा. तोच तुम्हालाही उलट प्रश्न विचारतो: घरी दिवसभर कोण असतं, लहान मुलं आहेत का, आधी कुत्रा पाळलाय का. ज्याला तुमच्याविषयी काहीच जाणून घ्यायचं नाही, फक्त 'टोकन कधी टाकताय' एवढंच विचारायचंय, त्याला पिल्लू कुठे जातंय याची फिकीर नाही.

पायरी ३: वय जुळतं का?

सर्वाधिक खोटं वयाबाबत सांगितलं जातं. पिल्लू जितकं लहान तितकं पटकन विकलं जातं. शिवाय दूध सुटल्यावरचं खाणं आणि लसींचा खर्च वाचतो. म्हणून पाच आठवड्यांचं पिल्लू 'दोन महिन्यांचं' म्हणून खपवलं जातं.

पिल्लाचे डोळे १० ते १४ दिवसांत उघडतात. पटाशीचे आणि सुळे दुधाचे दात साधारण तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात येतात, दाढा चौथ्या ते सहाव्या आठवड्यात. आठ आठवड्यांपर्यंत २८ दुधाचे दात पूर्ण व्हायला हवेत. तेव्हा ओठ वर करून दात आणि दाढा दिसतील असा व्हिडिओ मागा. दाढा नुकत्याच फुटत असतील तर ते पिल्लू दोन महिन्यांचं नाही. अगदी छोट्या जातींत दात थोडे उशिरा येतात, तेवढी सूट धरा.

आठ आठवड्यांचा आग्रह कशासाठी? जोरात चावलं की समोरचं ओरडतं आणि खेळ थांबतो, हे पिल्लू आई-भावंडांच्या दंगामस्तीतच शिकतं. पाचव्या-सहाव्या आठवड्यात वेगळं केलेलं पिल्लू पुढे घरातल्यांना जोरात चावणारं, एकटं राहायला घाबरणारं निघण्याची शक्यता वाढते. छोट्या जातींचे बरेच ब्रीडर १० ते १२ आठवडे पिल्लू सोडत नाहीत. त्याची तक्रार करू नका, ते चांगलंच. फक्त साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात पिल्लू जगाला सरावतं, त्यामुळे मधल्या काळात ते माणसांत वाढतंय की मागच्या पिंजऱ्यात, एवढं विचारा.

आता लसी. पार्व्हो-डिस्टेंपरची पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान देतात, पुढचे डोस दर दोन ते चार आठवड्यांनी, आणि शेवटचा १६ आठवड्यांच्या वयाला किंवा त्यानंतर. इतके डोस लागतात कारण आईच्या चिकातून आलेली प्रतिकारशक्ती लसीला काम करू देत नाही, आणि ती नेमकी कोणत्या आठवड्यात ओसरेल हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं असतं. त्यामुळे 'आठ आठवड्यांचं, सगळ्या लसी पूर्ण' हे वाक्य खरं असूच शकत नाही. रेबीजची लस साधारणपणे १२ आठवड्यांच्या आधी देत नाहीत. सहा आठवड्यांच्या पिल्लाच्या कार्डावर ती दिसली तर कार्ड तरी खोटं, वय तरी.

खऱ्या कार्डावर लसीच्या बाटलीवरचं स्टिकर चिकटवलेलं असतं. त्यावर लसीचं नाव, बॅच नंबर आणि मुदत असते, शेजारी तारीख आणि डॉक्टरांची सही-शिक्का. नुसतं पेनाने 'लस दिली' लिहिलेलं धरू नका. दवाखान्यात फोन करून खात्री करा, पण कार्डावर छापलेल्या नंबरवर नको. नंबर स्वतः शोधा.

जंताचं औषध साधारण दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरवड्याला देतात, कारण गोल जंत आईच्या पोटातूनच आणि दुधातून पिल्लात येतात. दोन महिन्यांच्या पिल्लाला एकदाही दिलं नसेल तर बाकीच्या काळजीचाही अंदाज येतो.

पिल्लू दुसऱ्या देशातून येणार असेल तर हिशोब आणखी सोपा. युरोपीय संघात नेण्यासाठी साधारण नियम असा: रेबीजची लस किमान १२ आठवड्यांच्या वयात आणि त्यानंतर २१ दिवस थांबायचं, म्हणजे १५ आठवडे. 'परदेशातून आणलेलं दहा आठवड्यांचं पिल्लू' ऐकलं की आधी तिथला नियम तपासा.

पायरी ४: थेट व्हिडिओ कॉल

पाठवलेला व्हिडिओ चालत नाही, कॉल थेट हवा. आई पिल्लांसोबत दिसली पाहिजे: तिचे सड सुजलेले किंवा ओघळलेले, पिल्लं आपणहून तिच्याकडे धावणारी. मग आयत्या वेळी काहीतरी सांगा. तुम्ही निवडलेल्या पिल्लाचा डावा कान वर करा, त्याला जमिनीवर चालवा, कॅमेरा खोलीभर फिरवा. मायक्रोचिप (कातडीखालची ओळखीची चिप) बसवलीय म्हणाले तर स्कॅनर लावून आकडा दाखवायला सांगा. आंतरराष्ट्रीय मानकाची चिप १५ अंकी असते आणि तोच आकडा कागदांवर हवा.

बाप तिथे नसणं नेहमीचं आहे, नर बऱ्याचदा दुसऱ्याचा असतो. आई नसणं नेहमीचं नाही. ती 'नातेवाइकांकडे आहे', 'अंगावर येते म्हणून बांधलीय' ही कारणं ऐकून सोडून द्या. बाळंतपणात दगावली असं म्हणत असतील तर दवाखान्याची नोंद मागा. इंग्लंडमध्ये तर एप्रिल २०२० पासून सहा महिन्यांखालचं पिल्लू परवानाधारक विक्रेत्याला स्वतः वाढवलेलं असेल तरच, आणि आईसोबत दाखवूनच विकता येतं.

पायरी ५: पेडिग्री म्हणजे आरोग्य नव्हे

नोंदणीचा कागद फक्त आई-बाप कोण हे सांगतो. नोंदणी क्रमांक संबंधित केनेल क्लबकडे (जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे) पडताळा, पण तेवढ्यावर समाधान मानू नका. जातीनुसार आई-बापाच्या तपासण्या विचारा: लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्डसाठी खुबे आणि कोपरांचे एक्स-रे, डॉबरमनसाठी हृदय, डाल्मेशियनसाठी श्रवण, पग आणि बुलडॉगसाठी श्वास. 'आमच्या डॉक्टरांनी बघितलंय, सगळं ओके' याला तपासणी म्हणत नाहीत.

'टीकप' म्हणून अगदी इवलंसं पिल्लू विकतात, पण 'टीकप' नावाची जात नाही. ती मुद्दाम खुजी केलेली किंवा अशक्त पिल्लं असतात, त्यांच्या रक्तातली साखर चटकन उतरते आणि हाडं सहज मोडतात. दुर्मीळ रंगासाठी जादा पैसे मागत असतील तर दोनदा विचार करा. मर्ल (फिकट अंगावर गडद डाग असलेल्या) रंगाच्या दोन कुत्र्यांची जोडी लावली तर सरासरी चारातल्या एका पिल्लात तो जनुक दोन्हीकडून येतो आणि अशी पिल्लं बहिरी किंवा आंधळी निघण्याचा धोका मोठा असतो.

पायरी ६: पैसे कधी आणि कसे?

टोकन छोटं, पावतीसह, आणि 'कोणत्या परिस्थितीत परत' हे लेखी असलेलं. उरलेली रक्कम पिल्लू हातात आल्यावर. गिफ्ट कार्ड, क्रिप्टो किंवा तिसऱ्याच माणसाच्या खात्यावर पैसे मागितले तर व्यवहार तिथेच तोडा.

फसवणुकीची साखळी जवळपास ठरलेली असते. आधी पिल्लाचे पैसे. मग 'कुरियर कंपनी'चा मेल आणि ट्रॅकिंगची वेबसाइट, दोन्ही त्याच टोळीची. मग खास पिंजऱ्याचं भाडं, 'परत मिळणारा' विमा, क्वारंटाइनचा खर्च. शेवटी धमकी: पैसे दिले नाहीत तर प्राण्याला वाऱ्यावर सोडल्याचा गुन्हा लागेल. आधी बरेच पैसे गेलेले असतात, म्हणून माणूस 'एवढंच शेवटचं' म्हणत देत जातो. ठरलेल्या रकमेच्या बाहेरची पहिलीच मागणी आली की थांबा. पैसे गेले असतील तर लगेच बँकेला कळवा, चॅट आणि पावत्या जपा, सायबर पोलिसांत तक्रार करा. नंतर 'पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा' म्हणणारा फोन आला तर तोही त्याच धंद्यातला समजा.

पायरी ७: ताब्यात घेताना

पिल्लं वाढली त्या जागी जा. 'अर्ध्या वाटेवर भेटू, तुमचा त्रास वाचेल' ही सोय विक्रेत्याची असते, तुमची नव्हे.

डोळे-नाकातून घट्ट स्राव नको. हिरड्या गुलाबी हव्यात. बोटाने दाबून सोडल्यावर पांढरा ठिपका दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. कानाला वास किंवा काळी घाण नको. फासळ्या वर आलेल्या आणि पोट मात्र फुगलेलं, तर बहुधा जंत. बेंबीजवळ मऊ गोळा म्हणजे हर्निया, बऱ्याचदा किरकोळ असतो पण डॉक्टरांना दाखवा. शेपटीखाली ओलं किंवा चिकटलेलं दिसलं तर जुलाब. गुदद्वारातून घेतलेलं तापमान साधारण ३८ ते ३९.२ अंश सेल्सियस असतं. भावंडांकडेही बघा, एक जरी उलट्या करत असेल तर कोणतंच पिल्लू घेऊ नका.

आजारी पिल्लू दयेपोटी विकत घेऊ नये, असं आमचं ठाम मत आहे. त्या पैशांवर विक्रेता पुढचं वेत काढतो. त्याऐवजी प्राणीकल्याण संस्थेला किंवा पोलिसांना कळवा.

पायरी ८: पहिले दोन आठवडे

४८ तासांत डॉक्टरांकडे न्या आणि तारीख असलेला लेखी अहवाल घ्या. करारात परताव्याची मुदत बहुधा ४८ ते ७२ तासांचीच असते. पार्व्होची लक्षणं मात्र लागण झाल्यावर साधारण तीन ते सात दिवसांनी, कधी चौदाव्या दिवसापर्यंत दिसतात. म्हणजे घेताना टुणटुणीत असलेलं पिल्लू पाचव्या दिवशी आडवं पडू शकतं. म्हणून विषाणूजन्य आजारासाठी किमान १४ दिवसांची अट करारात आधीच घालून घ्या.

घरात दुसरा कुत्रा असेल तर तेवढेच दिवस दोघांना वेगळं ठेवा, भांडीही वेगळी. खाणं आठवडाभर विक्रेत्याकडचंच द्या, मग नवं खाणं सात ते दहा दिवसांत थोडं थोडं वाढवत न्या. एकदम बदललं की जुलाब होतात आणि तो आजार आहे की खाण्याचा त्रास हे कळत नाही. उलट्या, रक्ताचे जुलाब किंवा दोन वेळचं खाणं सोडलं तर रात्र काढू नका, तेव्हाच दवाखाना गाठा. घरात आधी एखाद्या कुत्र्याला पार्व्हो झाला असेल तर साध्या साबणाने तो विषाणू जात नाही, आणि महिनोन् महिने टिकतो. आधी जागा धुऊन काढा, मग एक भाग घरगुती ब्लीच तीस भाग पाण्यात मिसळून फरशी दहा मिनिटं ओली ठेवा आणि स्वच्छ पाण्याने धुवा. हे पिल्लू घरात येण्याआधी करायचं.