उत्तराप्रमाणे वाट बदलणारा सर्व्हे कसा तयार करावा

ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या मोठ्या कॉम्प्लेक्सच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अधूनमधून एखादा सर्व्हे येतोच. पाण्याचा, पार्किंगचा, नाहीतर बसचा. लिंक उघडली की प्रश्न सुरू होतात आणि गाडी नसलेल्या माणसालाही सात प्रश्न गाडीचेच विचारले जातात. असा माणूस एकतर मध्येच फॉर्म बंद करतो किंवा समोर येईल त्यावर टिक मारत सुटतो. दुसरा प्रकार जास्त घातक, कारण खोटी उत्तरे खऱ्यांत मिसळली की नंतर वेगळी काढता येत नाहीत.

यावर उपाय जुना आहे. देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ज्याचे काम पाहते, त्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या प्रश्नावलीत उजव्या कडेला एक अरुंद रकाना असतो. उत्तर अमुक असेल तर थेट तमुक क्रमांकाच्या प्रश्नावर जा, एवढेच त्यात बाणाने सांगितलेले असते. पूर्वी हा बाण मुलाखत घेणारी व्यक्ती डोळ्यांनी पाळायची. २०१५-१६ च्या चौथ्या फेरीत मुलाखती संगणकावर नोंदवायला सुरुवात झाली आणि ते काम यंत्राकडे गेले. आज हीच सोय तुमच्या मोबाइलवर फुकट मिळते.

उदाहरण म्हणून एकच सर्व्हे शेवटपर्यंत धरू: वाघबीळ-कासारवडवली भागातल्या एका कॉम्प्लेक्सला टीएमटीकडे, म्हणजे ठाणे महापालिकेच्या बससेवेकडे, जादा बसची मागणी करायची आहे आणि त्यासाठी रहिवाशांची माहिती हवी आहे.

आधी कागद, मग फॉर्म

लॅपटॉप उघडू नका. एका कोऱ्या कागदावर मधोमध लिहा: या उत्तरांवरून आपण काय ठरवणार? आपल्या बाबतीत ते असे: बस कोणत्या वेळेला, कोणत्या दिशेला हवी आणि आज लोक ती का घेत नाहीत. ज्या प्रश्नाच्या उत्तराने यातले काहीच बदलणार नाही, तो प्रश्न काढून टाका. "एकूण वाहतूक व्यवस्थेबद्दल आपले मत" हा प्रश्न सगळ्यांना विचारावासा वाटतो आणि त्याच्या उत्तराचे पुढे कोणीच काही करत नाही.

मग फाटे काढा. पहिल्या फाट्याचा प्रश्न सर्वांत जपून लिहायचा, कारण तिथे चुकलेला माणूस पुढे भेटत नाही. अशा सर्व्हेत बहुतेक जण लिहितात, "तुम्ही कामाला कुठे जाता?" हा प्रश्न आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींना विचारला तर त्या म्हणतील, "मी कुठली कामाला जाते? मी घरीच असते." फॉर्म त्यांना तिथूनच निरोप देईल. प्रत्यक्षात त्या दर आठवड्याला जांभळी नाक्यावर बाजाराला जातात, महिन्याला स्टेशनजवळच्या डॉक्टरकडे जातात आणि येताना रिक्षा मिळत नाही म्हणून अर्धा तास उभ्या राहतात. बस खरी त्यांनाच हवी आहे. म्हणून प्रश्न असा हवा: "गेल्या सात दिवसांत तुम्ही कॉम्प्लेक्सबाहेर कुठे कुठे गेलात?" स्टेशन, बाजार, दवाखाना, शाळा-क्लास, ऐरोलीकडचे ऑफिस, बोरिवलीकडे, असे पर्याय द्या. "साधारणपणे" किंवा "नेहमी" विचारू नका. माणसाला गेला आठवडा आठवतो. "साधारणपणे" विचारले की तो अंदाजाने काहीतरी सांगून मोकळा होतो.

यानंतर वाट ठरवणारा प्रश्न: "यांपैकी सर्वांत जास्त वेळा कशाने गेलात?" टीएमटी बस, शेअर रिक्षा, स्वतःची गाडी, ऑफिसची बस, चालत, दुसरे काही आणि "बाहेर पडलोच नाही".

"नाही" म्हणणाऱ्याला सोडू नका

हा माझ्या मते साऱ्या कामाचा गाभा आहे. वाटा बदलणाऱ्या फॉर्मचा सगळ्यात जास्त गैरवापर इथेच होतो. बस वापरता? हो. मग पाच प्रश्न. नाही? आभारी आहोत, फॉर्म संपला. करणाऱ्याला वाटते, आपण समोरच्याचा वेळ वाचवला. पण जादा बस मागायची तर जे आज बसमध्ये नाहीत त्यांचेच म्हणणे हातात हवे. बसमधल्या माणसाने ती कशीतरी सोसली आहे. सोडून गेलेल्याकडे कारण आहे.

म्हणून कागदावर तीन वाटा काढा. बसवाल्यांना स्टॉप, वेळ, किती थांबावे लागले आणि बसायला जागा मिळाली का, एवढे विचारा. बाहेर पडलेल्या बाकी सगळ्यांना आधी एकच: "गेल्या सहा महिन्यांत कधी बसने गेलात?" गेलो होतो पण सोडले, असे म्हटले तर "का सोडले?" कधीच नाही म्हटले तर "का नाही?" हे दोन प्रश्न दिसायला सारखे आहेत, पण पर्याय वेगळे लागतात. सोडणारा म्हणेल, बस वेळेवर येत नव्हती, किंवा स्टेशनवरून परतताना रांग संपत नव्हती. कधीच न गेलेला म्हणेल, स्टॉप कुठे आहे तेच माहीत नाही, किंवा हायवे ओलांडायची भीती वाटते. यावरची कामेही वेगळी आहेत. पहिल्यासाठी टीएमटीकडे जावे लागेल. दुसऱ्यासाठी कदाचित सोसायटीच्या नोटीस बोर्डावर वेळापत्रक लावले तरी पुरेल.

तिसरी वाट "बाहेर पडलोच नाही" म्हणणाऱ्यांची. त्यांना विचारा: "जायचे होते पण गेला नाहीत, असे झाले का?" हो असेल तर काय अडले, ते विचारा. वाट फार छोटी आहे, पण ती नसेल तर वयस्क आणि आजारी माणसे तुमच्या आकड्यांत येणारच नाहीत.

शेवटी तिन्ही वाटा एका ठिकाणी आणा. वयोगट, विंग, "सकाळी साडेसातला स्टेशनची बस सुटली तर वापराल का?" हे प्रश्न सगळ्यांना सारखेच आहेत. ते प्रत्येक वाटेत वेगवेगळे लिहू नका. तसे केले तर उत्तरांच्या तक्त्यात एकाच प्रश्नाचे तीन रकाने तयार होतात आणि ते जुळवण्यात तुमचा रविवार जातो.

फॉर्म बांधताना

गुगल फॉर्म्समध्ये प्रत्येक वाटेसाठी एक वेगळा सेक्शन, म्हणजे प्रश्नांचा गट, करा. वाट ठरवणाऱ्या प्रश्नाच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर टिचकी मारली की "गो टू सेक्शन बेस्ड ऑन आन्सर" हा पर्याय दिसतो. तो निवडला की प्रत्येक उत्तरापुढे कुठल्या सेक्शनला जायचे ते ठरवता येते.

तीन गोष्टींकडे लक्ष ठेवा. ही सोय फक्त मल्टिपल चॉइस आणि ड्रॉपडाउन, म्हणजे एकच पर्याय निवडायच्या प्रश्नांना आहे. चेकबॉक्सला नाही, कारण तिथे माणूस एकाच वेळी तीन उत्तरे देऊ शकतो. म्हणूनच आपण "कुठे कुठे" चेकबॉक्समध्ये विचारले आणि "सर्वांत जास्त वेळा कशाने" वेगळे. दुसरे, वाट ठरवणारा प्रश्न "रिक्वायर्ड", म्हणजे सक्तीचा करा, नाहीतर उत्तर न देता पुढे गेलेला माणूस भलत्याच वाटेला लागेल. तिसरे, सेक्शन संपल्यावर फॉर्म आपोआप लगेच पुढच्या सेक्शनला जातो. बसवाल्यांचे प्रश्न संपले की ते थेट "बस का सोडली?" या सेक्शनमध्ये शिरतात. प्रत्येक सेक्शनच्या तळाशी "आफ्टर सेक्शन" असे लिहिलेले असते. तिथे समाईक शेवटाचा सेक्शन निवडायला विसरू नका. फॉर्म बिघडतो तो बहुधा इथेच.

घरोघरी जाऊन माहिती घेणार असाल तर कोबो टूलबॉक्स हे सर्व्हे घेण्याचे साधन बघा. त्यात सेक्शनचे बंधन नाही, प्रत्येक प्रश्नाला स्वतःची अट लावता येते. चेकबॉक्सवरही अट चालते. आधीचे उत्तर पुढच्या प्रश्नात आणता येते, म्हणजे "तुम्ही शेअर रिक्षा म्हणालात, तिला एका वेळचे किती देता?" असे नेमके विचारता येते. अँड्रॉइड फोनवर त्याचे अॅप नेटवर्क नसतानाही चालते, हे बेसमेंटच्या पार्किंगमध्ये कळते. शिवाय एकाच फॉर्मला मराठी, हिंदी, इंग्रजी अशा भाषा जोडता येतात आणि उत्तरे एकाच रकान्यात येतात. गुगल फॉर्म्समध्ये तीन भाषांसाठी सेक्शन तिप्पट करावे लागतात आणि रकानेही तिप्पट होतात.

माणसे कल्पून तपासा

लिंक ग्रुपवर टाकायच्या आधी पाच-सहा माणसे कागदावर लिहा. रोज सकाळी ऐरोलीला जाणारी मुलगी, घरून काम करणारा, शेअर रिक्षाने जाणारी शिक्षिका, निवृत्त काका, बाहेर न पडलेल्या आजी. प्रत्येकाच्या नावाने फॉर्म शेवटपर्यंत भरा. कोणी अर्ध्यात अडकते का? कोणाला लागू नसलेला प्रश्न येतो का? कोणाची वाट एकाच प्रश्नात संपते का? प्रत्येक वाटेतले प्रश्नही मोजा. फॉर्म किती मोठा आहे हे सर्वांत लांब वाटेवरून ठरते. फोनवर ती पाच मिनिटांत संपली नाही तर तिथेच कात्री चालवा. नंतर शेजारच्या एखाद्या खऱ्या काकूंना भरायला द्या आणि मदत न करता नुसते बघा. त्या कुठे थांबतात आणि कुठे "म्हणजे काय गं?" विचारतात, ती वाक्ये बदला.

आणखी एक जपण्याची गोष्ट. फाटे बारीक झाले की माणूस ओळखू येतो. बी विंग, सत्तरच्या पुढे, व्हीलचेअर, एवढे तीन रकाने जुळले की नाव लिहिलेले नसले तरी सगळ्यांना कळते कोण ते. फोन नंबर गरज नसेल तर मागूच नका. वयाचे गट मोठे ठेवा आणि फॉर्मच्या सुरुवातीलाच माहिती कशासाठी घेतोय, कोण बघणार, किती दिवसांनी पुसणार हे साध्या मराठीत लिहा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ मध्येही संमती घेताना हेतू स्पष्ट सांगण्यावर भर आहे. पण कायदा नसता तरी शेजाऱ्यांशी असेच वागायला हवे.

आकडे मांडताना

प्रत्येक प्रश्न सगळ्यांना विचारलेला नाही, हे शेवटी विसरले जाते. समजा ३०० जणांनी फॉर्म भरला, त्यातले ६० बसने जातात आणि त्यांपैकी ४५ जणांना २० मिनिटांहून जास्त थांबावे लागते. यावरून "७५ टक्के रहिवासी बसची वाट बघत ताटकळतात" असे निवेदनात लिहिणे चूक आहे. बसने जाणाऱ्यांपैकी ७५ टक्के, एकूण उत्तरांपैकी १५ टक्के. परिवहन विभागातला अधिकारी हा फरक लगेच पकडेल आणि मग बाकीच्या कागदावरही विश्वास ठेवणार नाही.

म्हणून प्रत्येक आकड्याखाली तो प्रश्न किती जणांना विचारला होता ते छापा. तक्त्यातली रिकामी घरे मोजताना "विचारलेच नव्हते" आणि "विचारले पण सांगितले नाही" हे वेगळे ठेवा. निवेदनाला फाट्यांचा तो मूळ कागद स्वच्छ काढून जोडा, म्हणजे वाचणाऱ्याला कोणता आकडा कुठून आला ते बोट ठेवून दाखवता येईल.