हप्ते चालू असताना घरखर्चाची तोंडमिळवणी कशी करावी

मुंबईत पगारावर चालणाऱ्या बहुतेक घरांत रोजचा खर्च काटकसरीनेच होत असतो. भाजी कुठे दोन पैसे स्वस्त मिळेल आणि रिक्षा टाळून बसने जाता येईल का, याचा विचार करण्यासाठी कोणाच्या सल्ल्याची गरज पडत नाही. तरीही कर्ज कमी होत नाही, आणि त्याचे कारण माझ्या मते रोजच्या खर्चात क्वचितच सापडते. ते वर्षातून एकदा-दोनदा येणाऱ्या खर्चांत असते: जूनमधील शाळेची फी, गणपतीला गावी जाणे, अकरा महिन्यांचा भाडेकरार संपल्यावर पुन्हा द्यावी लागणारी दलाली, विम्याचा वार्षिक हप्ता. हे खर्च ठरलेले असतात, त्यांचा महिनाही ठाऊक असतो, पण दरमहाच्या हिशेबात त्यांना जागा नसते. म्हणून ते आले की क्रेडिट कार्ड पुढे केले जाते किंवा कोणाकडून तरी हातउसने घेतले जातात. जुने कर्ज फेडण्याचा वेग वाढवण्याच्या आधी नवे कर्ज होण्याची ही वाट बंद केली पाहिजे, आणि पुढील मांडणी त्याच क्रमाने केली आहे.

सुरुवात सर्व देणी एका कागदावर लिहून करावी. प्रत्येक देण्यापुढे किती बाकी आहे, वर्षाला व्याज किती, हप्ता किती, तो कोणत्या तारखेला जातो आणि केव्हा संपणार, एवढे लिहिले म्हणजे पुरे. बँकेचे कर्ज सगळेच लिहितात. राहून जाते ते बाकीचे. हप्त्यावर घेतलेला मोबाइल, वाण्याची उधारी, उचललेल्या भिशीचे उरलेले हप्ते, बहिणीकडून किंवा मेहुण्याकडून घेतलेली रक्कम, आणि सहकाऱ्यासाठी पतपेढीत जामीन राहिला असाल तर ते कर्जही, कारण त्याने हप्ते थकवले की पतपेढी आपल्याकडेच येते. व्याज दरमहा शेकड्याने सांगितले असेल तर त्याला बाराने गुणून वर्षाचा दर लिहावा. ‘शेकडा पाच’ ऐकायला लहान वाटते. वर्षाला ते ६० टक्के होतात. हा कागद पती-पत्नींनी एकत्र बसून करावा, कारण एकाने दुसऱ्यापासून लपवलेले एखादे कर्ज या सगळ्या हिशेबाला निरुपयोगी करून टाकते. आपल्या नावावर नेमकी कोणती कर्जे आहेत याची खात्री नसेल तर सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या चार कंपन्यांपैकी प्रत्येकीकडून वर्षातून एकदा आपल्या कर्जांचा संपूर्ण अहवाल विनाशुल्क मिळतो. तो दर तीन महिन्यांनी एकेका कंपनीकडून मागवला तर वर्षभर लक्ष ठेवता येते.

दुसरा कागद वार्षिक खर्चांचा. यासाठी जून ते मे असे बारा महिने लिहून प्रत्येकासमोर त्या महिन्यातील विशेष खर्च मांडावा. उदाहरणादाखल भांडुपमध्ये भाड्याने राहणारे चार माणसांचे एक कुटुंब घेऊ. शाळेची फी, वह्या-पुस्तके, गणवेश आणि रेनकोट मिळून २४,००० रुपये, भाडेकराराच्या वेळची दलाली, नोंदणी आणि अनामत रकमेतील वाढ १८,०००, विमा १४,०००, गणपती आणि गावचा प्रवास १२,०००, दिवाळी १०,०००, उन्हाळ्यात भरायचे वर्षाचे मसाले आणि तांदूळ ६,०००. बेरीज ८४,००० रुपये, म्हणजे दरमहा ७,०००.

आता याच कुटुंबाचा महिना पाहू. हातात येणारा पगार ५५,००० रुपये आहे. घरभाडे १४,०००, किराणा, दूध, भाजी आणि गॅस १२,५००, वीज आणि फोन २,४००, पास आणि इतर प्रवास १,६००, मुलांची शिकवणी २,००० आणि गावी आईवडिलांना ३,००० असा घरखर्च ३५,५०० होतो. हप्ते चार आहेत: वैयक्तिक कर्जाचा ६,३००, पतपेढीचा ३,०००, मोबाइलचा १,९०० आणि क्रेडिट कार्डाची किमान रक्कम ३,५००, एकूण १४,७००. दोन्ही मिळून ५०,२०० झाले, म्हणजे ४,८०० रुपये शिल्लक दिसते आणि सर्व काही ठीक चालले आहे असे वाटते. वार्षिक खर्चाचे दरमहा ७,००० त्यात धरले की तीच शिल्लक २,२०० रुपयांची तूट होते. वर्षाला २६,४०० रुपये. कार्डावरची बाकी दरवर्षी का वाढते, याचे उत्तर या एका वजाबाकीत आहे, आणि आपापल्या घरचे आकडे घालून ती प्रत्येकाने एकदा तरी करून पाहावी अशी माझी कळकळीची विनंती आहे.

ही ७,००० रुपयांची रक्कम पगार झाल्या दिवशीच वेगळ्या बचत खात्यात वळवावी. त्या खात्याचे एटीएम कार्ड घरी ठेवावे आणि त्याला यूपीआय जोडू नये. अगदी सुरुवातीला, समजा एप्रिलमध्ये हे सुरू केले, तर जूनची फी भरण्याइतकी रक्कम साठलेली नसेल. तेव्हा शाळेकडे फी टप्प्याटप्प्याने भरण्याची सवलत मागावी, किंवा बोनस मिळत असल्यास पहिल्या वर्षी तो पूर्णपणे या खात्यात टाकावा.

तूट कोठून भरून काढायची हा प्रश्न मग येतो. सर्वांत आधी व्याजाकडे पाहावे, घरातल्या माणसांच्या ताटाकडे नव्हे. आपल्या उदाहरणातील कार्डावर ७०,००० रुपये बाकी आहेत आणि व्याज दरमहा साडेतीन टक्के आहे. अनेक कार्डांवर ते याच्या आसपास असते. महिन्याचे व्याज २,४५०, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून सुमारे २,८९०. किमान रक्कम म्हणून भरलेल्या ३,५०० रुपयांतून मुद्दल जेमतेम ६१० रुपयांनी कमी होते. शिवाय पूर्ण बिल न भरल्यामुळे नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही मिळत नाही, त्यामुळे त्याच कार्डावर घेतलेल्या किराण्यावर पहिल्या दिवसापासून व्याज चढते. म्हणून कार्ड आधी वापरातून काढावे आणि त्यावरील बाकी कमी व्याजाच्या कर्जात बदलून घ्यावी. ज्यांच्या कार्यालयात किंवा कारखान्यात पगारदारांची सहकारी पतसंस्था आहे, त्यांनी प्रथम तेथे विचारावे. विमा पॉलिसीवर किंवा सोन्यावर मिळणारे कर्जही कार्डापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. १२ टक्के दराने ७०,००० रुपये तीन वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे २,३२५ रुपये येतो. किमान रकमेपेक्षा तो १,१७५ रुपयांनी कमी आहे आणि छत्तीस हप्त्यांत कर्ज संपते. बँकेत सात टक्क्यांची मुदत ठेव आणि कार्डावर बेचाळीस टक्क्यांचे व्याज असे एकाच घरात असेल, तर अडीअडचणीसाठी दहा-पंधरा हजार बाजूला ठेवून ठेव मोडावी.

सोने गहाण ठेवताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. दागिने बहुधा घरातील स्त्रीचे असतात, तेव्हा तिच्या मनापासूनच्या संमतीशिवाय हा निर्णय होऊ नये. आणि फक्त व्याज भरत राहून मुद्दल शेवटी एकरकमी देण्याचा प्रकार निवडू नये, कारण मुदत संपताना ती रक्कम हाती नसते आणि लिलावाची नोटीस येते.

उरलेली हजार-बाराशेची तूट घरखर्चातून काढणे अवघड नाही, पण काटछाट कोठे करायची याचा क्रम ठरवावा. मुलांचे दूध, औषधे आणि गावी पाठवायचे पैसे यांना सर्वांत शेवटी हात लावावा. भाड्याच्या घरात सर्वांत मोठी बचत करार नव्याने करताना होते: मालकाशी सरळ बोलून त्याच घराचा करार पुढे चालू ठेवला तर दलाली देण्याचे कारण उरत नाही. कराराची नोंदणी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार मालकाची जबाबदारी आहे, आणि तिचा खर्च कोणी किती करायचा हे आधी लिहून घेता येते. लोकलचा तिमाही पास मासिकाच्या २.७ पटीत, तर वार्षिक पास १०.८ पटीत मिळतो. मे २०२५ मध्ये बेस्टचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाल्यापासून स्थानकापर्यंतच्या थोड्या अंतराचाही हिशेब करावा लागतो. विजेच्या बिलात १००, ३०० आणि ५०० युनिट या टप्प्यांवर दर चढत जातो; मे महिन्यात वापर तीनशेच्या आत ठेवला तर फरक लगेच दिसतो. किराणा महिन्याचा एकदम, यादी करून, अपना बाजार किंवा सहकारी भांडार यांसारख्या ठिकाणाहून भरावा. रोज अॅपवरून मागवलेल्या किरकोळ वस्तूंचा खर्च महिनाअखेरीस किती होतो, हे एकदा मोजून पाहण्यासारखे आहे.

आजारपण मात्र कोणत्याही यादीत बसत नाही. कर्ज असलेल्या घराने खासगी रुग्णालयात अनामत भरण्यासाठी धावाधाव करण्यापूर्वी केईएम, सायन, नायर किंवा कूपर या महापालिकेच्या रुग्णालयांचा पर्याय आधी पाहावा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. त्यासाठी शिधापत्रिकेवरील नावे आणि आधार यांचा मेळ आजच बसवून ठेवावा, कारण ही कामे रुग्णालयाच्या दारात होत नाहीत.

तूट संपली की फेडीचा वेग वाढवता येतो. जास्त व्याजाचे कर्ज आधी फेडावे हा नियम योग्यच आहे. तरीही चार-पाच महिन्यांत संपणारा एखादा लहान हप्ता असेल तर तो संपेपर्यंत थांबावे आणि मोकळी झालेली रक्कम दुसऱ्याच महिन्यापासून पुढच्या कर्जाकडे वळवावी. आपल्या उदाहरणात मोबाइलचे १,९०० रुपये असे सुटतील. ते १६ टक्क्यांच्या वैयक्तिक कर्जात घालावेत. त्याआधी करारपत्रात मुदतपूर्व फेडीवर शुल्क आहे का ते पाहावे. वैयक्तिक कारणासाठी बदलत्या व्याजदराने घेतलेल्या कर्जावर असे शुल्क लावण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, परंतु वैयक्तिक कर्जे बहुधा स्थिर दराची असतात आणि त्यांवर शुल्क असू शकते. नातेवाइकांच्या रकमेला व्याज नसते, म्हणून ती सर्वांत मागे पडते. दरमहा पाचशे रुपये का होईना, ठरलेल्या तारखेला द्यावेत आणि उरलेले केव्हा देणार ते स्पष्ट सांगावे.

हप्त्यांच्या तारखा पगारानंतर दोन-तीन दिवसांनी येतील अशा बदलून घ्याव्यात. खात्यात पैसे नसल्याने हप्ता परत गेला की आपली बँक आणि कर्ज देणारी संस्था दोघेही शुल्क लावतात, आणि अहवालातही उशिराची नोंद होते.

पैसे कमी पडल्यावर चाळीत किंवा नाक्यावर व्याजाने देणारा माणूस आणि मोबाइलवरचे अॅप हे दोन मार्ग सर्वांत सोपे दिसतात. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे. शेतकरी नसलेल्या कर्जदाराला विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज परवानाधारक सावकारही लावू शकत नाही, आणि मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करता येत नाही. तक्रार सहकारी संस्थांच्या निबंधक कार्यालयात करावी. अॅपवरून कर्ज घ्यायचेच असेल तर रक्कम कोणत्या बँकेकडून किंवा वित्तसंस्थेकडून येणार आहे ते आधी तपासावे. फोनमधील संपर्कयादी मागणारे अॅप काढून टाकावे. रिझर्व्ह बँकेने कर्ज देणाऱ्या अॅपना ती पाहण्यास मनाई केली आहे. धमक्या किंवा फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

एखाद्या महिन्यात हप्ता भरताच येणार नाही असे दिसले तर तारीख उलटण्यापूर्वी बँकेला लेखी कळवावे आणि मुदत वाढवून हप्ता कमी करण्याची मागणी करावी. वसुली करणारे सकाळी ८ पूर्वी किंवा संध्याकाळी ७ नंतर फोन करू शकत नाहीत, शेजाऱ्यांसमोर अपमान करू शकत नाहीत. तसे झाल्यास फोनची वेळ आणि क्रमांक टिपून ठेवावा. तडजोडीने कमी रक्कम भरून खाते मिटवण्याचा प्रस्ताव आला तर घाई करू नये, कारण अहवालात ते खाते ‘सेटल्ड’ असे दिसते आणि पुढे घरासाठी किंवा मुलांच्या शिक्षणासाठी कर्ज मागताना अडचण येते. पूर्ण फेड शक्य असेल तर तोच मार्ग बरा.

प्रत्येक कर्ज संपल्यावर ना-देय दाखला लेखी घ्यावा, बँकेला दिलेली आपोआप हप्ता कापण्याची परवानगी रद्द करावी आणि दोन महिन्यांनी अहवालात ते खाते ‘क्लोज्ड’ दिसते का ते तपासावे. तसे दिसत नसेल तर आधी त्या संस्थेकडे लेखी तक्रार करावी; ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते, आणि त्यासाठीची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते.