बाजाराच्या पटांगणात पालं पडली की ग्रामपंचायतीनं काय करावं

दिवाळीच्या सुमारास कापूस फुटला की वऱ्हाडातल्या बाजारगावांत पालं पडू लागतात. कुणी वेचणीला आलेलं, कुणी सुया-चाळण्या विकणारं, कुणी जडीबुटीवालं, कुणी मागच्या गावानं हाकललं म्हणून पुढं सरकलेलं. जागाही ठरलेल्या: आठवडी बाजाराचे ओटे, एसटी स्टँडमागचं पटांगण, नाल्याकाठचा ई-क्लास (सरकारी चराईची जमीन). चार दिवसांत तक्रारअर्ज येतो, ग्रामसभेत आवाज चढतात आणि कुणीतरी जेसीबीवाल्याला फोन लावतो. पालं उठवायला दोन तास पुरतात. मग तीच माणसं शेजारच्या पांदणीवर दिसतात, फक्त आता त्यांची कागदपत्रं हरवलेली असतात. फोन लावण्याआधी करायची कामं अशी.

मोजणी रात्री करा

दिवसा पालात म्हातारी माणसं आणि लेकरंच सापडतात, बाकीचे वावरात. संध्याकाळी सातनंतर, चुली पेटल्यावर जा. आशाताई, अंगणवाडीताई आणि पोलीस पाटील एवढे पुरेत. गणवेशातला शिपाई नेऊ नका. पारधी बेड्यावर (वस्तीवर) खाकी दिसली की पुरुषमाणसं अंधारात निघून जातात आणि मोजणी वाया जाते. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं मारलेला जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ ला पुसला गेला; गावात चोरी झाली की पहिला संशय मात्र अजून पालावरच.

वहीत एका कुटुंबाला एक पान. माणसं किती, सहा वर्षांखालची किती, शाळेच्या वयाची किती, गरोदर बाई, दुखणाईत, शेळ्या-गाढवं, आधार आणि रेशनकार्ड कुठल्या गावचं. शेवटी विचारा, "इथून कधी निघणार, भाऊ?" "वेचणी झाली की" म्हणणाऱ्याची तारीख लिहून घ्या, पाण्याची सोय करा आणि त्याला सोडून द्या, तो जातोच. "कुठं जाऊ?" म्हणणारा खरा बेघर. पुढचं सगळं त्याच्यासाठी.

देवळाच्या पायरीवर एकटाच पडून असणारा, स्वतःशी बोलणारा माणूस या वहीत घालू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १०० नुसार त्याला २४ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात नेणं पोलिसांचं काम आहे, आणि त्याला कोठडीत ठेवता येत नाही. सल्ल्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे.

सातबारा काढा

जागा कुणाची, हे तलाठ्याकडून लेखी घ्या. गावातला रस्ता किंवा मोकळी जागा असेल तर ग्रामपंचायत कायद्याचं कलम ५३ लागतं. सरकारी जमीन असेल तर महसूल संहितेचं कलम ५०, म्हणजे तहसीलदार. दुसऱ्याच्या जागेवर ग्रामपंचायतीनं जेसीबी घातला तर उत्तर सरपंचाला द्यावं लागतं.

"तिकडं झुडपीत हलवा" हा नागपूर विभागातला नेहमीचा तोडगा. तो विसरा. २२ मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं झुडपी जंगल हे वनच मानलं आहे. तिथं नवी वस्ती बसवली तर वर्षभरात वनविभाग उठवेल. ई-क्लासवर आणि गायरानावरही सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या जगपालसिंग निकालाची छाया आहे; गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढा, असं तो सांगतो. पर्यायी जागा गावठाणातली किंवा रीतसर मंजूर झालेलीच हवी.

नोटीस

सर्वोच्च न्यायालयाच्या १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालानं बांधकाम पाडण्याआधी १५ दिवसांची नोटीस सक्तीची केली. रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्ग, नदी यांना लागून असलेली बेकायदा बांधकामं त्यातून वगळली. बरेच कारकून एवढंच वाचतात आणि पालाला नोटीस लागत नाही म्हणतात. पण १९८५ चा ओल्गा टेलिस निकाल मुंबईच्या फुटपाथवरच्याच माणसांचा होता. विनानोटीस हटवण्याचा अधिकार अपवादानंच वापरावा, राहणाऱ्याचं म्हणणं ऐकावं, असं त्यात सांगितलं आहे. शिवाय पावसाळा सरून ३१ ऑक्टोबरपर्यंत कारवाई थांबवली होती. आपणही जून ते ऑक्टोबर पालं हलवू नयेत.

नोटीस मराठीत द्या आणि पालासमोर मोठ्यानं वाचून दाखवा. कुठली जागा, कोणत्या तारखेपर्यंत, आणि पुढं जायचं कुठं, हे तिन्ही त्यात हवं. तिसरी ओळ कोरी असेल तर नोटीस काढूच नका. हलवण्याच्या दिवशी पत्र्याच्या पेट्या आधी बाजूला काढून ज्याच्या त्याच्या हातात द्या. जातीचा दाखला, आधार, बाळंतपणाचं कार्ड, सगळं त्या पेटीतच असतं.

तात्पुरती जागा

शहरातल्या रात्रनिवाऱ्यांचा ठोकताळा १ लाख लोकवस्तीमागे १०० जणांचा. त्या हिशेबात तालुक्याचं गाव बसतच नाही, आणि लेकरं-शेळ्यांसह आलेलं कुटुंब अमरावती-नागपूरच्या निवाऱ्यात मावतही नाही. सोय गावालाच करावी लागते.

काळ्या मातीवर पाल टाकू देऊ नका. पहिल्याच पावसात चिखल गुडघ्याला लागतो. सहा इंच मुरूम पसरून दाबा, पालाभोवती वीतभर खोल चर काढा आणि त्याला उतार द्या. उतार नसला तर चर म्हणजे डासांची टाकी.

पाणी माणशी रोज किमान १५ लिटर, म्हणजे ६० माणसांना ९०० लिटर. एक हजार लिटरची टाकी रोज भरा. तेहतीस टक्क्यांची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर हजार लिटरला ५ ग्रॅम. आधी बादलीत कालवा, गाळ खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी टाकीत ओता आणि अर्ध्या तासानंतर ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलाय का, याची चाचणी) घ्या. पिवळा रंग आला नाही तर पोतं जुनं आहे. उघडं राहिलेलं पोतं निकामी होतं, आणि पंचायतीच्या कोपऱ्यातलं बहुधा उघडंच असतं.

संडास २० माणसांमागे एक, बायकांचे वेगळे, आतून कडी. शोषखड्डा काळ्या मातीत खणाल तर भोवती फूटभर वाळू-गिट्टीचा थर भरा. नाहीतर माती फुगते, पाणी मुरत नाही, खड्डा तुंबतो आणि लोक नाल्यावर जाऊ लागले की "यांना सवयच नाही" अशी बोलणी सुरू होतात.

एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो. प्लास्टिकचं पाल तेव्हा भट्टी होते. वर पऱ्हाटीचा किंवा तुराट्यांचा मांडव घाला आणि दुपारी १२ ते ४ शाळेचा व्हरांडा उघडा ठेवा.

कागद

मतदार नोंदणीला घराचा पुरावा लागतो, हा गैरसमज आहे. बेघराच्या नमुना ६ वर तो झोपतो ती जागा लिहायची, "बाजार पटांगण, पाण्याच्या टाकीजवळ" अशी. बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम पाहणारा कर्मचारी, रात्री येऊन खात्री करतो. शाळेला टीसीवाचून प्रवेश नाकारता येत नाही, आणि मूल निघताना मुख्याध्यापकाकडून शिक्षण हमी कार्ड घ्यायचं.

जातीच्या दाखल्यात गाडी अडते ती चुकीच्या टेबलावर. फासेपारधी अनुसूचित जमातीत. गोपाळ, नाथजोगी, बहुरूपी भटक्या जमातीत. कैकाडी विदर्भात अनुसूचित जातीत मोडतात, पण राजुरा तालुक्यात आणि उर्वरित महाराष्ट्रात विमुक्त जातीत. कुटुंब त्याआधीपासून इथलं असल्याच्या पुराव्याची तारीखही वेगळी: अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, जमातीला ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१. आजोबाचा कागद नसेल तर गृहचौकशीची (अधिकाऱ्यानं वस्तीवर येऊन खात्री करण्याची) मागणी लेखी करा.

पक्क्या जागेसाठी विमुक्त-भटक्यांना यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आहे: कुटुंबामागे ५ गुंठे आणि २६९ चौरस फुटांचं घर. जागा गावापासून तीन किलोमीटरवर, स्मशानाच्या पलीकडं दिली तर घरं रिकामी पडतात आणि पालं परत बाजारात येतात. किराणा, शाळा आणि मजुरीचा नाका पायी गाठता आला पाहिजे.

जे कुटुंब निघून जाईल, त्याच्या वहीतल्या पानाची शिक्का मारलेली झेरॉक्स कर्त्या बाईच्या हाती द्या. बाईच्याच, पुरुषांकडचा कागद खिशात भिजतो. पुढच्या गावचा ग्रामसेवक तिथून पुढं सुरू करेल, आणि गृहचौकशीतही ते पान दाखवता येतं.