पॉइंट टू-टू रायफल: सायलेन्सर विचारण्याआधी या चुका टाळा भो

२०२४ ला पॅरिसमधे स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमधे ब्राँझ आणलं ना, तेव्हापासून आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या पोरांनाही टू-टूचं, म्हणजे .२२ इंची रायफलीचं, वेड लागलंय. चांगलंच आहे. पण नवीन आलेला जो तो यूट्यूबवर न्यूझीलंड-अमेरिकावाल्यांचे व्हिडिओ पाहून पहिला प्रश्न हाच विचारतो की सायलेन्सर कुठला घ्यावा.

कुठलाच नाही. आपल्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमात बंदुकीच्या व्याख्येतच आवाज किंवा फ्लॅश कमी करणारी ॲक्सेसरी धरलेली आहे, म्हणजे नुसता सायलेन्सर जरी घरात सापडला तरी बिनलायसनचं हत्यार सापडल्यासारखंच. एमआयडीसीतला कुणी लेथवाला 'देतो की बनवून' म्हणाला तर चहा प्या अन् निघा तिथून.

बरं, आवाज कमीच पाहिजे ना? मग गोळी नीट निवडा. टू-टूचा आवाज दोन जागी होतो, एक नळीच्या तोंडाशी गॅस सुटतो तो, अन् दुसरा गोळी ध्वनीपेक्षा जोरात गेली की हवेत बसतो तो फटका, अन् हा दुसरा तर सायलेन्सरनेही जात नाही. हाय व्हेलॉसिटी, म्हणजे जास्त वेगाची, गोळी सेकंदाला ३८० मीटरच्या आसपास निघते, टार्गेटची स्टँडर्ड ३२५-३३० ने. आता आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्रीला ध्वनीचा वेग ३५८ च्या जवळ जातो अन् डिसेंबरात १० डिग्रीला ३३७ वर येतो, म्हणजे स्टँडर्ड गोळी बारा महिने त्याच्या खालीच राहते. हाय व्हेलॉसिटी मात्र वरून सुरू होते अन् ५० मीटरपर्यंत वेग पडत पडत नेमकी त्या सीमेवर येऊन डगमगते, ग्रुप, म्हणजे टार्गेटवरचा छिद्रांचा पुंजका, फाकतो, अन् पोरगा म्हणतो रायफल खराब. 'जास्त पॉवरवाली' म्हणून पेटी घेऊ नका. अन् स्टँडर्ड गोळी असली तरी इअरमफ घालायचाच, टू-टूचाही पीक आवाज १४० डेसिबलच्या घरात जातो अन् पत्र्याच्या शेडखाली तो परत कानावरच येतो.

आता साफसफाई, इथे सगळ्यात जास्त घोळ. आपल्याकडे गावोगावी रिटायर फौजी काका आहेत, एनसीसीत पुलथ्रू अन् चिंदी (दोरीला कापड बांधून नळीतून ओढायचं) शिकवलेली असते, त्यामुळे प्रत्येक फायरनंतर नळी चकाचक झालीच पाहिजे हे डोक्यात पक्कं बसलेलं. काकांचं त्यांच्या रायफलीपुरतं बरोबरच होतं, जुन्या फौजी काडतुसांच्या प्रायमरमधून (ठोक्याने पेटणाऱ्या मसाल्यातून) क्षार उरायचे अन् नळी पटकन गंजायची. आजच्या टू-टूच्या चांगल्या काडतुसात ते नसतं. तिथे उरतं काय तर शिसं अन् गोळीवरचं मेण, कारण गोळी उघड्या शिशाची असते. अन् नळीत त्या मेणाचा पातळ थर मुरला की रायफल एकसारखी मारायला लागते, बिडाचा तवा मुरतो ना तसंच. तुम्ही मॅचच्या सकाळी तो थर घासून काढला की पुढच्या काही गोळ्या कुठेही जातात. ब्रँड बदलला तरी तेच, मेण बदलतं म्हणून आधी थोड्या गोळ्या वाया घालवायच्या अन् मग साइटला (नेम धरायच्या भागाला) हात लावायचा.

नळीचे लाड कमी करा अन् चेंबरकडे, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेकडे, बघा. तिथे पुढच्या कडेला कार्बनची कडक रिंग जमते, कुणाचं लक्षच नसतं. मग काडतूस पूर्ण आत बसत नाही, बोल्ट (मागून चेंबर बंद करणारा दांडा) जड लागतो, फायरिंग पिनचा ठोका काडतूस पुढे सरकवण्यातच जातो अन् मिसफायर. सॉल्व्हंट (घाण सोडवणारं द्रव) लावून थोडा वेळ राहू द्या, मग ब्राँझ ब्रश फिरवा. रॉड नेहमी बोल्टच्या बाजूने घाला. मझलकडून, म्हणजे नळीच्या तोंडाकडून, घालून तिथली कड एका बाजूला झिजवली की त्या नळीचा ग्रुप गेला समजा. अन् शिसं काढायला ते व्हिनेगर-पेरॉक्साइडचं मिश्रण दाखवतात ते घरात अजिबात करू नका, त्यातून लेड ॲसिटेट तयार होतं, ते विष आहे.

तेलाचं तर विचारूच नका. बोल्टला खोबरेल लावणारे लोक मी पाहिलेत! खोबरेल २४ डिग्रीखाली गोठतं अन् धुळ्यात हिवाळ्याच्या सकाळी पारा कुठे जातो माहितीये ना, पिन ढिली चालते अन् मिसफायर. साधं तेल पण जास्त झालं तर कापसाच्या सीझनची धूळ त्यात बसून चिखल होतो. दोन थेंब गनऑइल, पुसून घ्या, बास.

मिसफायर झाला तर लगेच बोल्ट उघडू नका, नळी टार्गेटकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबा. मग काडतुसाच्या कडेवरचा ठसा बघा. पुसट असेल तर बोल्टमधे घाण किंवा पिनची स्प्रिंग गेली. खोल असूनही फुटलं नाही तर टू-टूत पेटणारा मसाला कडेतच असतो, तो त्या जागी कमी पडलाय, दोष गोळीचा. रिकामं फायर करायची सवय असेल तर ती पण सोडा, कित्येक जुन्या टू-टूंमधे पिन सरळ चेंबरच्या कडेवर आपटते.

उन्हाळ्यात गोळ्यांची पेटी गाडीत ठेवू नका, मेण पातळ होतं. लाकडी बट असेल तर पावसाळ्यात फुगतं अन् उन्हाळ्यात आकसतं, त्यामुळे ग्रुप अचानक फुटला तर साइटशी खेळण्याआधी ॲक्शनचे (बोल्ट बसतो त्या लोखंडी भागाचे) लाकडातले स्क्रू तपासा. अन् फायरिंग झाल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय भज्यांच्या प्लेटला हात लावायचा नाही, शिसं बोटांवरच असतं.