तुळजापूरच्या घाटासाठी गिअर बदलताना

रोड बाइकचे, म्हणजे रस्त्यावरच्या वेगवान सायकलचे, गिअर बदलायचं मनात आलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "आठ गिअरचे अकरा करू का?" मी उलट विचारतो, कुठल्या चढावर पाय थांबतात? सोलापुरात त्याचं उत्तर ठरलेलं आहे. तुळजापूर नाक्यावरून निघालं की तामलवाडी कधी आली ते कळतही नाही. पण तुळजापूरच्या अलीकडचा घाट लागला की सगळ्यात हलका गिअर संपलेला असतो, आणि पाय अजून हलका मागत असतात.

माझंही तेच झालं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मी यंत्रमागांवर जॉबर, म्हणजे माग जुळवणारा-दुरुस्त करणारा, आहे. आठवडाभर मागांपुढं उभं राहायचं आणि रविवारी घाट चढायचा, म्हणजे गुडघे दुखणारच. सायकलला पुढे ५० आणि ३४ दात्यांच्या चेनरिंग (पायडलजवळच्या चकत्या), मागे ११ ते २८ दात्यांच्या आठ चकत्यांची कॅसेट. सगळ्यात हलक्या गिअरचा हिशेब ३४ भागिले २८, म्हणजे १.२१. पायडलचा एक फेरा झाला की चाकाचे सव्वा फेऱ्याच्या आत-बाहेर. चाकाचा घेर सुमारे २.१ मीटर धरा. ताशी ८ किलोमीटरनं चढताना मिनिटाला पायडलचे जेमतेम ५२ फेरे पडतात, आणि प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यावर जोर येतो. मागची मोठी चकती ३२ ची केली की तोच हिशेब १.०६ वर येतो. वेग तोच, पण फेरे ६०. हा फरक कागदावर लहान दिसतो. घाटात पहिल्याच चढाला जाणवतो.

म्हणून माझं ठाम मत असं की शिफ्टर (हँडलवरचे गिअर बदलायचे खटके), क्रँक (पायडलचे दांडे) यांना हात न लावता आधी मागची कॅसेट आणि चेन बदला. खर्च त्यातच सगळ्यात कमी आणि फायदा सगळ्यात जास्त.

त्याची किंमत मात्र सपाट रस्त्यावर मोजावी लागते, ती आधीच सांगतो. माझ्या जुन्या कॅसेटवर ११, १३, १५, १७, १९, २१, २४, २८ असे दाते होते. नवीवर ११, १३, १५, १८, २१, २४, २८, ३२. मधले १७ आणि १९ गेले. होटगी रोडला समोरून वारा असला की १५ जड वाटतो, १८ हलका, आणि मधलं काही हाताशी नसतं. मला घाट महत्त्वाचा, म्हणून मी ते सोसतो. ज्यांना फक्त विजापूर रोडला जोरात जायचं आहे, त्यांनी २८ वरच राहावं.

खरेदीआधी दोन गोष्टी बघा. मागच्या चाकावर खाचांवर सरकून बसणारी कॅसेट आहे की चुडीवर (आट्यांवर) बसणारं फ्रीव्हील? सात गिअरच्या स्वस्त सायकलींना बऱ्याचदा फ्रीव्हील असतं. तिथं कॅसेट बसतच नाही, हबच (चाकाचा मधला भाग) बदलावा लागतो. दुसरं, मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा भाग. त्यावर मॉडेल नंबर कोरलेला असतो. त्या नंबरावरून कंपनीच्या तक्त्यात दोन आकडे शोधा: सगळ्यात मोठी चकती किती चालते, आणि एकूण क्षमता किती, म्हणजे चेनची किती ढिलाई तो ओढून धरतो. क्षमता काढायची ती अशी: पुढचा फरक ५० वजा ३४ म्हणजे १६, मागचा ३२ वजा ११ म्हणजे २१, मिळून ३७. डिरेलरची क्षमता ३७ पेक्षा कमी असेल तर लांब पिंजऱ्याचा (दोन छोटी चाकं धरणारा भाग लांब असलेला) डिरेलर घ्या. माझा लांबच होता.

चेन जुनीच ठेवायचा मोह होतो. पट्टी लावून मोजा. नव्या चेनमध्ये एका पिनेपासून मोजलेले बारा इंच ३०४.८ मिलिमीटर भरतात. आठ-नऊ गिअरच्या चेनला हेच माप ३०७ वर गेलं की ती संपली. झिजलेली चेन नव्या कॅसेटचे दाते खाते, म्हणून दोन्ही एकदमच बदलायची.

जुनी चेन नको म्हणण्याचं आणखी एक कारण आहे. माझी पहिली ३२ ची कॅसेट मी एका दुकानात बसवून घेतली. तिथं जुनी चेन तशीच लावली. ती २८ च्या मापानं तोडलेली होती, म्हणजे आखूड. घरी येताना पुढे मोठी, मागे मोठी असा गिअर पडला आणि डिरेलर ताणून हँगर (डिरेलरला फ्रेमवर धरणारा तुकडा) वाकला. तेव्हापासून चेन मीच मापतो. डिरेलरमधून न घेता, पुढच्या मोठ्या चेनरिंगवरून आणि मागच्या मोठ्या चकतीवरून चेन गुंडाळायची, टोकं जुळतील तिथं एक इंच, म्हणजे आतली-बाहेरची एक जोडी, जादा ठेवायची आणि तोडायची. जोडायला क्विक लिंक (हातानं लागणारी जोडकडी) वापरा.

कॅसेट काढायला चेन व्हिप (चेनचा तुकडा लावलेली दांडी) आणि लॉकरिंगचा, म्हणजे कॅसेट आवळणाऱ्या रिंगचा, पाना लागतो. चेन व्हिपनं चकत्या धरा, पाना डावीकडे फिरवा. नवी बसवताना हबच्या खाचांकडे बघा. त्यातली एक खाच वेगळ्या रुंदीची असते, त्यामुळे चकत्या एकाच पद्धतीनं बसतात. हबवर पातळ ग्रीस लावा. लॉकरिंग ४० न्यूटन मीटरला आवळायची, म्हणजे चांगली घट्ट.

आता जुळवणी. इथं घाई केली तर सगळं वाया. डिरेलरला आवळलेली केबल सोडवा. डिरेलरवर तीन स्क्रू असतात: एच आणि एल हे दोन्ही टोकांची हद्द ठरवतात, बी चकतीपासूनचं अंतर. चेन सगळ्यात लहान चकतीवर असताना एच स्क्रूनं डिरेलरचं वरचं चाक त्या चकतीच्या बाहेरच्या कडेखाली आणा. मग हातानं डिरेलर ढकलून चेन ३२ वर घ्या आणि एल स्क्रू असा लावा की चाक बरोबर चकतीखाली येईल, पलीकडे चाकाच्या तारांत जाणार नाही. चकती मोठी झाली म्हणून बी स्क्रूही फिरवावा लागतो. वरचं चाक आणि मोठी चकती यांच्यात पाच-सहा मिलिमीटर अंतर ठेवा. त्यानंतरच केबल ओढून आवळा.

मग पायडल फिरवत शिफ्टरला एक क्लिक द्या. चेन दुसऱ्या चकतीवर चढली नाही तर केबल ढिली आहे. बॅरल अॅडजस्टर (केबल ताणायची फिरकी) घड्याळाच्या उलट दिशेनं पाव फेरा. तिसरीला घासायला लागली तर सुलट पाव फेरा. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त कधीच नाही. मागावर धोट्याची वेळ चुकली की कापड बघायच्या आधी आवाजानंच कळतं. इथंही डोळे मिटून ऐका. नीट बसलेल्या चेनचा आवाज एकसारखा असतो, टिकटिक आली की कुठंतरी पाव फेरा बाकी आहे. कितीही फिरवून जुळत नसेल तर हँगर वाकलाय का ते बघा, किंवा केबलची जुनी नळी बदला. गिअरची नळी ब्रेकच्या नळीपेक्षा वेगळी असते. ब्रेकची लावली तर जुळवणी टिकत नाही.

आठवरून नऊ गिअरवर जायचंच असेल तर मागच्या गिअरचा शिफ्टर, कॅसेट आणि चेन लागते. शिमानोच्या आठ-नऊच्या रोड डिरेलरचं केबल ओढण्याचं प्रमाण एकच, त्यामुळे मागचा डिरेलर चालतो, जुना हबही चालतो. अकराला मात्र जवळजवळ सगळंच नवं घ्यावं लागतं.

तेलाचं एक सांगतो. मागाचं तेल कारखान्यात हाताशी असतं, मी तेच चेनला लावायचो. काळ्या मातीची धूळ त्यावर बसून चेनची काळी लेई व्हायची. आता कोरडं चेन ल्यूब, थेंब थेंब, प्रत्येक रोलरवर, आणि अर्ध्या तासानं वरून पुसून काढतो. पुसायला सुताचं वेस्ट वापरू नका, धागे कड्यांत अडकतात. टॉवेलच्या कारखान्यातून काठाचे तुकडे मागून आणा. सोलापुरात त्याला तोटा नाही.

नवी केबल पहिल्या शंभरेक किलोमीटरमध्ये थोडी ढिली पडते. घाटाच्या पायथ्याशी थांबून एकदा ३२ वर टाकून बघा, चढायला कां-कूं करत असेल तर तिथंच पाव फेरा द्या आणि मग चढा.