नसांच्या गाठींवरचा रिसर्च पेपर कसा वाचायचा

घरात कुणाला एनएफ१ (न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप १, नसांवर गाठी आणणारा जनुकीय आजार) निघालंय किंवा तुम्ही या विषयात नवीन आहात, तर पेपर उघडल्या उघडल्या "ट्यूमर लहान झाला" हे वाक्य शोधू नका, आधी बघा की बोलणं कुठल्या पेशीबद्दल चाललंय. न्यूरोफायब्रोमा, म्हणजे या आजारातली गाठ, नसेत होतो म्हणून तो न्यूरॉनचाच असं वाटतं, पण मूळ बिघाड असतो श्वान पेशीत, म्हणजे नसेच्या तंतूंना लपेटून बसलेल्या पेशीत, तिथे एनएफ१ जीनच्या दोन्ही कॉपी निकामी होतात. शेजारच्या मास्ट सेल (प्रतिकारशक्तीच्या पेशी) ही गाठ वाढवायला हातभार लावतात, त्यामुळे प्रयोग नुसत्या श्वान पेशींवर डिशमध्ये केला असेल तर गोष्ट अर्धीच कळते.

मग पेन घ्या आणि सिग्नलचा रस्ता खरंच कागदावर काढा, नुसतं वाचून डोक्यात राहत नाही. न्यूरॉनच्या अ‍ॅक्सॉनवर, म्हणजे लांब तंतूवर, न्यूरेग्युलिन हे निरोप देणारं प्रोटीन असतं, श्वान पेशीवरचे एर्बबी२-एर्बबी३ रिसेप्टर ते पकडतात, आत रास हे स्विचसारखं प्रोटीन चालू होतं, पुढे एकामागोमाग राफ, मेक, अर्क ही प्रोटीन. न्यूरोफायब्रोमिनचं, म्हणजे एनएफ१ जीनपासून बनणाऱ्या प्रोटीनचं, काम रासला बंद करायचं, ते नसलं की रास चालूच राहतं. आता औषध कुठे बसतं तिथे खूण करा. सेलुमेटिनिब हे औषध मेकवर बसतं, म्हणजे वरचा बिघाड तसाच राहतो, म्हणूनच औषध थांबवल्यावर गाठ परत वाढू शकते.

वेस्टर्न ब्लॉटचा (प्रोटीन किती आहे ते पट्ट्यांत दाखवणाऱ्या चाचणीचा) फोटो असेल तर फॉस्फो-अर्कची, म्हणजे चालू असलेल्या अर्कची, पट्टी फिकी झाली एवढ्यावर खूश होऊ नका, खालची टोटल अर्कची पट्टी सगळीकडे सारखी आहे ना ते बघा, नाहीतर प्रोटीनच कमी भरलं असेल.

माणसांवरच्या ट्रायलमध्ये "रिस्पॉन्स" शब्दाचा अर्थ आधी शोधा. प्लेक्सिफॉर्म (नसेच्या फांद्यांवर पसरलेल्या) गाठीत एमआरआयवर व्हॉल्यूम किमान २०% घटला की पार्शल रिस्पॉन्स धरतात. २०२० साली छापून आलेल्या सेलुमेटिनिबच्या ५० मुलांवरच्या ट्रायलमध्ये ३५ जणांना असा रिस्पॉन्स मिळाला, ही खरंच मोठी गोष्ट आहे, पण गाठ गेली असा त्याचा अर्थ नाही.

आणि एमपीएनएसटीचा (नसेच्या आवरणातल्या घातक गाठीचा) पेपर वेगळा ठेवा, तो कॅन्सर आहे, त्यात सीडीकेएन२ए हा पेशींची वाढ आवरणारा जीन, पीआरसी२ हा जीन बंद ठेवणारा प्रोटीनचा गट असं बरंच काही गेलेलं असतं, इथले निष्कर्ष तिथे लावायचे नाहीत. जुनी गाठ भराभर वाढायला लागली, कडक झाली किंवा रात्रंदिवस दुखायला लागली, तर वाचन बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांना दाखवा.