पीपीएफ लावलेली गाडी हाती येते तेव्हा

डिटेलिंगच्या, म्हणजे गाडीच्या बारीक साफसफाईच्या आणि देखभालीच्या दुकानात नवीन लागलेल्या मुलांना लगेच पीपीएफ, म्हणजे गाडीचा रंग जपायला वर चिकटवतात ती पारदर्शक फिल्म, लावायला देत नाहीत. आधी हाती येते ती फिल्म लावून झालेली गाडी, धुवायला आणि तपासायला. हे काम हलकं समजू नका. फिल्म रस्त्यावर जेवढी खराब होते, त्याहून जास्त पुसण्या-धुण्यात होते, आणि ते इथेच दिसतं.

चांगली पीपीएफ टीपीयू नावाच्या लवचिक प्लास्टिकची असते, जाडी साधारण 150 ते 200 मायक्रॉन. खाली चिकट थर, मध्ये टीपीयू आणि वर अगदी पातळ टॉप कोट. पाणी ओघळणं, डाग न धरणं, बारीक ओरखडे भरून येणं ही सगळी करामत मुख्यतः या वरच्या कोटाची. तो घासला गेला की खालचं टीपीयू डाग पिऊ लागतं. म्हणून रबिंग कंपाउंड (रंग घासून चमकवायची पेस्ट), थिनर, पेट्रोल फिल्मवर लावायचं नाही. मॅट फिल्मवर वॅक्स आणि पॉलिशही नको. मध्येच चकचकीत पट्टे उठतात आणि ते परत मॅट होत नाहीत.

फिल्म नवी असेल तर आठवडाभर धुवायची नाही, प्रेशर वॉशर तर दोन आठवडे नाही. या काळात गिऱ्हाईक फुगे दाखवायला येतं. अंगठ्याने हलकं दाबून बघा. फुगा सरकला तर आत पाणी आहे, दोन-तीन आठवड्यांत आपोआप सुकेल. जागचा हलला नाही तर हवा किंवा कचरा. ते लावणाऱ्यानेच बघायचं. सुई टोचायची नाही, त्या भोकातून धूळ शिरते आणि काळा ठिपका कायमचा राहतो.

धुताना गाडी सावलीत आणि पत्रा गार हवा. दोन बादल्या, एक शॅम्पूची, एक मिट (धुवायचा मऊ हातमोजा) खळबळायची. शॅम्पू पीएच न्यूट्रल, म्हणजे ना आम्ल ना अल्कली, प्रमाण बाटलीवर असेल तेच; जास्त घातल्याने जास्त स्वच्छ होत नाही. प्रेशर वॉशरला 40 अंशांचं पसरट नोझल लावा, दाब 1500 पीएसआयच्या (पाण्याच्या दाबाचं माप) आत ठेवा आणि कडांपासून किमान दोन फूट लांब राहा. धार नेहमी फिल्मच्या मधून कडेकडे न्यायची. कडेच्या खालून मारलीत तर फिल्म पापुद्र्यासारखी उचकटते, आणि बंपरच्या कोपऱ्यावर, चाकाच्या कमानीत हे सगळ्यात आधी होतं.

सोसायटीत रोज पहाटे कोरड्या फडक्याने गाड्या पुसल्या जातात, तेच फडकं वीस गाड्यांना फिरतं. बॉनेटवर गोल-गोल जाळं दिसलं तर कारण बहुधा हेच. नखाला न अडकणारे ओरखडे 60 अंशांच्या आसपासच्या गरम पाण्याने बऱ्याच अंशी भरतात. पाणी हळू ओता, उकळतं नको. नख अडकलं तर टीपीयू कापलं गेलंय, ते भरणार नाही, तसं स्पष्ट सांगा. हीट गन, म्हणजे गरम हवा फेकणारं यंत्र, शिकाऊ हातात नकोच. एका जागी थांबली की फिल्म ताणते आणि संत्र्याच्या सालीसारखी दिसते.

बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याचे पांढरे वळे साध्या शॅम्पूने जात नाहीत. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात, कापडाला लावून अर्धा-एक मिनिट ठेवायचं, मग भरपूर पाण्याने धुवायचं. पक्ष्यांची शीट उन्हाळ्यात दिवसभर राहू देऊ नका. ओलं कापड ठेवून मऊ करा आणि उचला. कोरडी खरवडली तर तिच्यातले कणच ओरखडे पाडतात.

दसऱ्यानंतरचा आठवडा वेगळाच. बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक, बाजूला हळदीची बोटं, झेंडूच्या माळेला लावलेली चिकटपट्टी. आधी पाणी सोडून कण वाहू द्या. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं कापडावर घेऊन टिपा, घासू नका. हळदीचा पिवळेपणा थोडा राहिला तरी घाबरू नका. तिचा रंग उन्हात विरतो, काही दिवस गाडी बाहेर उभी राहू द्या. कुंकवातला कृत्रिम रंग मात्र फिल्मने प्यायला तर निघेलच असं नाही. गिऱ्हाइकाला दसऱ्याआधीच सांगावं, हळद-कुंकू काचेवर लावा. देवाला चालतं, फिल्मलाही.

कडेवर काळी रेघ दिसते ती धुळीत मिसळलेल्या वॅक्सची. मऊ ब्रश, शॅम्पू, मग तेच अल्कोहोलचं पाणी. कड दोन-तीन मिलिमीटर सुटली असेल आणि चिकट थर स्वच्छ असेल तर कोमट करून बोटाने दाबा. आत माती गेली असेल तर दाबू नका, कापून घ्यावी लागते. फेविक्विक तर अजिबात नाही. पुढे फिल्म काढताना रंगच उचलला जातो.

पूर्ण फिल्म सारखीच पिवळी पडली असेल तर तो डाग नाही, माल हलका आहे. धुवून फरक पडत नाही, काढावीच लागते. काढण्याआधी गाडीचं कुठलं पॅनल परत रंगवलंय का ते गिऱ्हाइकाला विचारा आणि जॉबकार्डवर लिहून सही घ्या. कंपनीचा रंग सहसा तग धरतो, गॅरेजमधला फिल्मबरोबर निघू शकतो. फिल्म गरम करून, पत्र्याला जवळजवळ समांतर, सावकाश ओढायची.